काळजासाठी दिलेला पैसा

हृदयाच्या अभ्यासासाठी परभणीच्या मातीतून गेलेला, मला सापडलेला सर्वांत जुना पैसा १८८९ सालचा आहे. तो ज्याच्या कष्टातून गेला, त्या शेतकऱ्याला आपण काही दिलं हे कधी कळलंही नाही. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. इथल्या ज्वारी-कापसावरचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जायचा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्यातून लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला १००० पौंड देण्यात आले, ते याच रयतेच्या जिवावर. त्यामागे एक प्रश्न होता. क्लोरोफॉर्म हुंगवलेला माणूस ऑपरेशनच्या टेबलावर दगावतो, तेव्हा आधी काय बंद पडतं, श्वास की हृदय?

प्रश्न जिवावरचाच होता. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणलं आणि दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी पायाचं नख काढताना गेली. तेव्हापासून डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडचे म्हणत, नाडीवर बोट ठेवा, हृदय दगा देतं. एडिंबरोचे म्हणत, श्वासाकडे बघा, नाडीचा विचारच नको. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी एडिंबरोच्या मताचे आणि मताचे पक्के. १८८८ मध्ये त्यांनी हैदराबादेत आयोग नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले आणि आपलंच खरं ठरवलं. ‘लॅन्सेट’नं ते मानलं नाही. मग निजामांकडून १००० पौंड देऊ करण्यात आले: तुमचा माणूस इकडे पाठवा, त्याच्या डोळ्यांदेखत सगळं पुन्हा करू. ‘लॅन्सेट’नं थॉमस लॉडर ब्रंटन यांना बोटीत बसवलं.

१८८९ च्या अखेरीस हैदराबादेत झालेलं हे काम तेव्हाच्या मानानं अवाढव्य होतं. शेकडो कुत्री, शिवाय माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं आणि ससे. रक्तदाबाच्या रेघा काजळी धरलेल्या कागदावर उमटवून जपून ठेवल्या गेल्या. भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांत जिचं नाव घेतलं जातं, त्या रूपाबाई फर्दूनजी हैदराबादेत याच वातावरणात तयार झाल्या. आयोगानं निर्णय दिला की श्वास आधी थांबतो, क्लोरोफॉर्मचा हृदयाला थेट धोका नाही. हा निर्णय चुकीचा होता. लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवर दाखवून दिलं की हलकी भूल असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडून ते जागच्या जागी थरथरत राहतं आणि प्राणी मरतो.

मग ती देणगी वाया गेली का? मला तसं वाटत नाही. लॉरींचं मत नुसतं मत राहिलं असतं तर ते खोडायलाही कुणाला काही हाती नव्हतं. हैदराबादेत मोजमाप झालं, ते जगासमोर आलं, आणि म्हणून ते तपासता आलं. संशोधनाला दिलेल्या पैशाचा हाच स्वभाव असतो: तो उत्तराची हमी देत नाही, पण प्रश्न तपासण्याजोगा करतो. रुग्णाच्या बिलाला मदत करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाचा चेहरा दिसतो, संशोधनाला देणाऱ्याला कुणाचाच चेहरा दिसत नाही. आपल्याकडच्या दानाची पुढची सगळी वाट या एका फरकानं ठरली आहे.

ब्रंटन यांचं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं, कारण ते थेट आपल्या दारात येऊन पोचतं. छातीतल्या कळेवर अमाइल नायट्राइट हुंगवलं की आराम पडतो, हे १८६७ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलं होतं. हैदराबादहून परतल्यानंतर, १९०२ मध्ये, त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये छोटंसं टिपण लिहिलं: हृदयाची मायट्रल झडप आकसली असेल तर ती शस्त्रक्रियेनं उघडता येईल. त्यावर टीकाच झाली. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून ती झडप मोकळी केली. मुलगी वाचली, पण नंतर एकाही फिजिशियननं त्यांच्याकडे तसा रुग्ण पाठवला नाही. ही शस्त्रक्रिया रुळायला १९४८ साल उजाडलं.

मायट्रल झडप आकसण्याचा आजार मराठवाड्याला परका नाही. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, आई हळद-दूध देते, ताप उतरतो. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, तेही ओसरतं. पण घशातल्या जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांना इजा करून बसलेलं असतं. पुढे विशी-पंचविशीत, बहुतेकदा बाळंतपणाच्या वेळी, बाईला दम लागतो, आडवं झोपवत नाही, पाय सुजतात. संधिवाताचा हृदयरोग म्हणतात तो हा. दाटीवाटीची घरं आणि लांबचा दवाखाना, अशा ठिकाणी तो मुरतो. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला. आपल्याकडून गेलेला नाही.

परभणीच्या माणसानं हृदय दाखवायला जायचं कुठे? संस्थानाच्या काळात उत्तर होतं हैदराबाद. लॉरींच्या वेळचं अफझलगंजचं रुग्णालय १९०८ च्या मुसीच्या पुरात गेलं आणि त्या जागी १९२५ मध्ये उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली तशी वाट सोपी झाली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना होऊन परभणी मुंबई राज्यात आली आणि तोंड पश्चिमेकडे वळलं. मीटरगेज असेपर्यंत मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. दम लागलेल्या माणसाला घेऊन, वळकटी आणि डबा सांभाळत. मुंबई रेल्वेनं सुमारे ५५० किलोमीटर. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वे भाड्यात सवलत देते, साध्या आणि स्लीपर डब्यात ७५ टक्के. हीसुद्धा मदतच, आणि फार कमी लोकांना माहीत असलेली.

मुंबईत ज्या दारात हा माणूस उभा राहायचा, ती दारंही दानातूनच उभी राहिलेली. जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशातून १८४५ मध्ये सुरू झालं. परळचं केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ चं. गोर्धनदासांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली होती की इथे शिकवणारे भारतीय असतील. देणगीला घातलेली इतकी दूरदृष्टीची अट मला दुसरी आठवत नाही. कारण त्या अटीमुळे केईएममध्ये पुढे जे झालं ते शक्य झालं.

रुस्तम जाल वकील यांनी तिथेच सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग रुग्णांवर पद्धतशीर तपासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. वैद्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत असलेली मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या हाती गेली ती त्या लेखानंतर. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये कुत्र्यांवर वर्षानुवर्षं हृदयरोपणाचा सराव केला आणि केपटाउनला बर्नार्ड यांनी पहिलं हृदयरोपण केल्यावर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आशियातलं पहिलं हृदयरोपण परळला केलं. रुग्ण काही तासच जगला. महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे गावाकडचा माणूस जमिनीवर चादर टाकून पडलेला असायचा, तिथेच हे घडत होतं. एका जुन्या देणगीनं रुग्णसेवा आणि संशोधन एकाच छताखाली ठेवलं तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं हे सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

रुग्णाच्या सोबत आलेल्यांनी राहायचं कुठे, हा प्रश्न डॉक्टरांना पडत नाही, तो गाडगे महाराजांना पडला. जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली ती खेड्यातून आलेल्या नातेवाइकांसाठी. परळला नाना पालकर स्मृती समितीनं तेच काम चालवलं आहे. आठ दिवस म्हणून आलेला मुक्काम महिन्यावर जातो, बापाचा रोज बुडतो, तिकडे पेरणी खोळंबते. ऑपरेशनचा खर्च कुणी उचलला तरी हा खर्च उरतोच. देणगीदारांच्या हिशेबात तो क्वचितच येतो, आणि म्हणून धर्मशाळा बांधणाऱ्याचं मोल मी शस्त्रक्रियेचं बिल भरणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी मानत नाही.

संशोधनाला मिळालेल्या दानाचं दुसरं ठळक उदाहरण केरळातलं आहे. १९७३ मध्ये त्रावणकोरच्या राजघराण्यानं तिरुवनंतपुरममधली एक बहुमजली इमारत सरकारला भेट दिली. त्यातून श्री चित्रा तिरुनाल संस्था उभी राहिली. शल्यविशारद एम. एस. वलियाथन यांनी तिथे अभियंत्यांना सोबत घेऊन देशी कृत्रिम झडप बनवण्याचा ध्यास घेतला, कारण परदेशी झडपेची किंमत ऐकूनच घरचे लोक रुग्णाला परत न्यायचे. पहिले नमुने फसले. धातूचा सांधा तुटला, चकती झिजली. अखेर डिसेंबर १९९० मध्ये चित्रा झडप पहिल्या रुग्णाला बसवली गेली. तेव्हापासून ती लाखावर माणसांच्या छातीत बसली आहे. संधिवातानं झडप गेलेल्या देशातल्या गरीब रुग्णाला तिनं केवढा आधार दिला, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयातला हृदयशल्यविशारद सांगेल. एक इमारत दिली होती, आणि सतरा वर्षं वाट पाहण्याची तयारी ठेवली होती.

गावाकडे मात्र हृदयासाठी पैसा जमायचा तो वेगळ्याच रीतीनं. ‘लेकराच्या काळजाला छिद्र आहे’ असं कळलं की आधी सोयरे-धायरे, मग सावकार, मग जमीन. एखाद्या शाळेतले गुरुजी पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठ फिरत. आडत दुकानदार, कापसाचे व्यापारी, गणेश मंडळ, रमजानमधली जकात, परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला आलेली माणसं. जातधर्म न बघता माणूस खिशात हात घालायचा. ही उदारता खरी होती आणि आहे. पण तिची एक मर्यादा होती: ज्याच्यासाठी फिरणारा कुणी होता त्याचं भागलं. ज्याचा बाप अबोल, ज्याचं गाव वाटेपासून आत, ज्याच्या घरी सही करणारंही कुणी नाही, त्याच्या मुलासाठी पावतीपुस्तक निघालंच नाही. आज मोबाइलवर मुलाचा नळ्या लावलेला फोटो टाकून पैसे गोळा केले जातात, त्यातही हीच मर्यादा आहे. जो दिसतो त्याला मिळतं.

१९९० च्या दशकापासून साईबाबांच्या नावानं हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मोठा पैसा वाहू लागला, आणि त्याचं एक टोक आमच्या जिल्ह्यातल्या पाथरीला आहे. साईबाबांचा जन्म पाथरीचा, अशी इथली श्रद्धा आहे. १९७० च्या दशकात विश्वास खेर यांनी त्याचा शोध घेतला आणि १९९९ मध्ये तिथलं जन्मस्थान मंदिर भक्तांसाठी खुलं झालं. पुट्टपर्तीचे सत्य साईबाबाही पाथरीच म्हणत. शिर्डीला हे मान्य नाही. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली तेव्हा शिर्डीत बंद पाळला गेला. वाद जन्मस्थळाचा राहू दे. पुट्टपर्तीला २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सुपरस्पेशालिटी रुग्णालय सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी तिथे हृदयशस्त्रक्रिया झाल्या. हार्ड रॉक कॅफेतला आपला हिस्सा विकलेल्या आयझॅक टिग्रेट यांनी त्यासाठी मोठी रक्कम दिली होती. बिलाची खिडकीच नसलेलं रुग्णालय, ही गोष्ट ऐकून देशभरातून माणसं गेली. शिर्डी संस्थाननं १९६४ मध्ये साईनाथ रुग्णालय काढलंच होतं. २००६ मध्ये मोठं श्री साईबाबा रुग्णालय झालं आणि दानपेटीतला पैसा हृदयाच्या ऑपरेशनकडे वळला. मुलांसाठी खारघरला सत्य साई संजीवनी केंद्रात आजही शस्त्रक्रिया मोफत होते. पाथरीसाठी जाहीर झालेल्या कोटींतून लहान मुलांच्या हृदयतपासणीची एक खोली जरी उभी राहिली, तर बाबांच्या नावाला ती शोभेल असं मला मनापासून वाटतं.

कायद्यानंही दानाला वळण लावलं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांना जमीन, कर आणि इतर सवलती मिळतात. त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, हे ठरलं होतं, पण पाळलं जात नव्हतं. उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. २००६ पासून योजना लागू झाली: रुग्णालयानं एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची आणि त्यातून गरिबांचा खर्च भागवायचा. परभणीहून पुण्या-मुंबईला रुग्ण नेणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ करून जावं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं कार्ड सोबत ठेवावं, आणि भरती होतानाच समाजसेवकाला भेटावं. तिथे मिळणारी मदत रुग्णाचा हक्क आहे, हात पसरण्याची गरज नाही.

सरकार स्वतः उतरलं ते १९९७ मध्ये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी जीवनदायी आरोग्य योजना आली. हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या आजारांना मदत, पण कागद मुंबईला जायचा आणि मंजुरी येईपर्यंत काहींचे दिवस भरायचे. शेजारी कर्नाटकात २००३ मध्ये यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांनी महिन्याला ५ रुपये भरून शस्त्रक्रियेचा विमा मिळवला. आंध्रनं २००७ मध्ये आरोग्यश्री आणली. त्याच वाटेनं २ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पण फक्त आठ जिल्ह्यांत. त्यात नांदेड होतं, परभणी नव्हती. नांदेड आमच्यापासून रेल्वेनं तासाभरावर. पूर्णा तालुक्यातल्या माणसानं शिवेपलीकडच्या सोयऱ्याची अँजिओप्लास्टी कार्डावर झालेली बघायची आणि स्वतः म्हैस विकायची, असे ते सोळा महिने गेले. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळ्या-केशरी कार्डावर हृदयाची शस्त्रक्रिया होऊ लागली आणि पावतीपुस्तकांची गरज खूपच कमी झाली. गेल्या तीस वर्षांत या जिल्ह्याच्या आरोग्यात झालेला सर्वांत मोठा बदल हाच, असं मी म्हणेन.

योजना राज्यभर झाली त्याच २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं, प्रत्येक मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतं. पावतीपुस्तक ज्याच्यापर्यंत कधी पोचलं नाही त्या अबोल बापाच्या मुलापर्यंत हे पथक पोचतं. हजार जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर या एका जिल्ह्यात दर वर्षी दोनशेच्या वर अशी बाळं जन्मतात. सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, काही छिद्रं आपोआप बुजतात. पण कुणाला लागेल हे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय कळत नाही.

इथवर आल्यावर वाटावं की प्रश्न सुटला. ऑपरेशनपुरता बराचसा सुटलाही. पण झडप बदललेल्या बाईची खरी परीक्षा ती गावी परतल्यावर सुरू होते. कृत्रिम धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. गोळी कमी पडली तर झडपेवर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी दर महिन्याला आयएनआर नावाची रक्ततपासणी. सोनपेठच्या किंवा पालमच्या आतल्या खेड्यातून तपासणीसाठी शहरात यायचं तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि प्रयोगशाळेचे पैसे. दोन महिने निभावतं, तिसऱ्या महिन्याला राहून जातं. लाखोंची शस्त्रक्रिया काही शे रुपयांच्या तपासणीवाचून मातीत जाते. या काही शे रुपयांसाठी फलक लागत नाही, कोनशिला बसत नाही, म्हणून दाता मिळत नाही.

त्याच्याही आधीची पायरी आणखी स्वस्त आहे. ज्या मुलाला एकदा संधिवाती ताप येऊन गेला त्याला दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, डॉक्टर पेनिड्युअर म्हणतात ते, वर्षानुवर्षं दिलं तर झडप वाचते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. म्हणजे जगभरातल्या अनोळखी माणसांनी दिलेल्या पैशातून महाराष्ट्रात पेनिसिलीन बनू लागलं. औषध सापडलं, देशात बनलं, सत्तर वर्षं झाली, आणि तरी झडपा खराब होतच आहेत, कारण एकविसाव्या दिवशी कुणी त्या मुलाला हाक मारत नाही. इंजेक्शन दुखतं, मूल पळतं, आई कामावर असते.

आणि संशोधन? मोझांबिक आणि कंबोडियातल्या शाळांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेथोस्कोपला जितकी बिघडलेली हृदयं ऐकू आली, त्याच्या सुमारे दहापट इकोवर दिसली. ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये ब्रिटिश हार्ट फाउंडेशन निघालं. तिथली सामान्य माणसं मृत्युपत्रात त्याच्या नावे पैसे ठेवतात, जुने कपडे त्याच्या दुकानांत देतात आणि तो पैसा हृदयाच्या संशोधनाला जातो. महाराष्ट्राला हे परकं नाही, केईएम त्याच वाटेनं मोठं झालं. परभणीलाही स्थानिक रोगावर इथेच संशोधन होतं हे नवं नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठानं भेंडीवरच्या केवडा रोगाला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ वाण दिला आणि तो देशभर पेरला गेला. भेंडीच्या पानावरच्या रोगासाठी जे आपण केलं, ते मुलांच्या हृदयासाठी करता येणार नाही असं मानायला मी तयार नाही. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थी आहेत, प्राध्यापक आहेत, जिल्हा रुग्णालय आहे. जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांची इकोतपासणी, संधिवाती तापाच्या प्रत्येक मुलाची नोंदवही, झडप बदललेल्या प्रत्येक माणसाची यादी आणि त्याचा मागोवा, हे काम तिथे होऊ शकतं.

जिंतूरचे, सेलूचे, मानवतचे, गंगाखेडचे जे कोणी आज पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत किंवा परदेशात स्थिरावले आहेत आणि वडिलांच्या स्मृतीला काही द्यावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझी विनंती आहे. एखाद्या मुलाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडत असतील तर जरूर द्या. पण त्यासोबत परभणीत एका हाताळायच्या इको यंत्रासाठी द्या, ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगारासाठी द्या, शंभर रुग्णांच्या वर्षभराच्या आयएनआर तपासणीसाठी आणि त्यांच्या एसटीच्या भाड्यासाठी द्या. एकविसाव्या दिवशी मुलांच्या घरी जाणाऱ्या आशाताईच्या मानधनात भर घाला. एका वर्षासाठी देऊ नका, दहा वर्षांसाठी द्या, आणि देताना अट घाला की दर वर्षी किती मुलं तपासली, किती सापडली आणि किती जगली याचा हिशेब छापून जिल्ह्यासमोर ठेवला जाईल.